कारखान्यातली सिस्टर व्हायचंय? ओएचसीच्या वाटेवर निघताना

"कंपनीत लागलीस? मग काय, बँडेज बांधायचं आणि एसीत बसायचं!" कॅज्युअल्टी सोडून एमआयडीसीतल्या कारखान्यात निघाले तेव्हा वॉर्डातल्या मैत्रिणींनी अशी पाठवणी केली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. नाइटला एकटीने सांभाळायचे बारा बेड, वर नातेवाइकांची अरेरावी, यातून सुटका झाली एवढंच डोक्यात होतं.

पहिल्याच आठवड्यात प्रेस शॉपमधला एक जण बोट रुमालात गुंडाळून आला. मी ड्रेसिंग केलं, टिटॅनस दिलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सगळं नीट झालं असं मी समजत होते. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "मशीन कोणतं होतं? त्याला संरक्षक झाकण (गार्ड) होतं का? या महिन्यातला कितवा?" तिन्ही प्रश्नांवर मी गप्प. हॉस्पिटलात पेशंट दारातून आत येतो तिथून आपलं काम सुरू होतं. इथे तो दारापर्यंत का आला, हेही आपल्यालाच शोधायचं असतं.

जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएससी नर्सिंग झालेल्या मुली आणि मुलंही (कारखान्यात त्यांना 'ब्रदर' म्हणतात, आणि नाइट शिफ्टला त्यांना मागणी बरी आहे) मला विचारत असतात की या लाइनमध्ये यायचं कसं, पुढे शिकायचं काय. मला हे सगळं धडपडत कळलं. तुमची वर्षं वाचावीत म्हणून क्रमाने लिहिते.

१. आधी ओएचसी म्हणजे काय ते समजून घ्या

ओएचसी म्हणजे ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर, मराठीत व्यावसायिक आरोग्य केंद्र. कारखान्यात कोणी असं म्हणत नाही. कामगार 'दवाखाना' म्हणतात, ऑफिसवाले 'ओएचसी'.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. आपल्या नोकऱ्यांचा मोठा वाटा तिथून आला, हे कडू असलं तरी खरं आहे. अशा कारखान्यांसाठीच्या नियमांचा हिशेब साधारण असा: ५० कामगारांपर्यंत बोलावल्यावर येणारा डॉक्टर चालतो; ५१ ते २०० असले तर अर्धवेळ डॉक्टर, किमान १५ चौरस मीटरची खोली आणि एक ड्रेसर-कम-कंपाउंडर; २०० च्या वर गेले की पूर्णवेळ डॉक्टर, किमान दोन खोल्या आणि कामाच्या पूर्ण वेळेत एक नर्स. शिवाय ५०० हून जास्त कामगार असलेल्या कुठल्याही कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष हवा, हे मूळ १९४८ च्या कायद्यातच होतं.

म्हणजे नोकरी शोधताना पहिला प्रश्न हा, की तिथे माणसं किती आणि प्रक्रिया कोणती. चाकण-रांजणगावला गाड्या आणि त्यांचे सुटे भाग. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इकडे रसायनं. बुटीबोरी, वाळूज, सातपूर-अंबडला सगळ्याचीच मिसळ. रसायनाच्या कारखान्यात शिकायला जास्त मिळतं, जबाबदारीही तेवढीच. पहिली नोकरी इंजिनिअरिंगमध्ये करून मग रसायनात जावं असं माझं मत आहे, पण माझ्या दोन मैत्रिणींनी नेमकं उलटं केलं आणि दोघींचं छान चाललंय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कारखाने अधिनियमाचा विषय आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० मध्ये आला आहे. ठरावीक वयाच्या आणि वर्गाच्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी तिने मालकावर टाकली आहे. कारखान्यातली माणसं अजून जुन्या कलमांच्या भाषेतच बोलतात, म्हणून मुलाखतीला जाताना दोन्ही वाचून जा.

२. पाया: पदविका, पदवी आणि नोंदणी

जीएनएम (३ वर्षं) किंवा बीएससी नर्सिंग (४ वर्षं), आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी. एएनएमवर (सहायक परिचारिकेचा कोर्स) काही ठिकाणी घेतात, पण तिथे पुढची वाट अडते. जीएनएम असाल तर पोस्ट बेसिक बीएससी (२ वर्षं) करून घ्या. वय वाढलं, संसार लागला की हे पुढे ढकलत जातं. मी चार वर्षं ढकललं.

नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करा आणि त्याला लागणारे सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे, तास वर्षाच्या वर्षाला भरा. हॉस्पिटलात मेट्रन आठवण करते, कारखान्यात कोणी करत नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी सेफ्टी ऑफिसर तुमचं नोंदणीपत्र मागतो आणि तेव्हा ते संपलेलं निघतं. कर्नाटकातून, गोव्यातून किंवा केरळमधून शिकून आलेल्यांनी महाराष्ट्रातली नोंदणी आधी करावी, मग अर्ज.

३. कॅज्युअल्टीत निदान दोन वर्षं काढा

कॉलेजातून थेट कारखान्यात येऊ नका. ओएचसीत रात्री दोन वाजता तुम्ही एकट्या असता. डॉक्टर फोनवर, अँब्युलन्सला वीस मिनिटं, समोर छातीत दुखणारा माणूस आणि भोवती घाबरलेले आठ सहकारी. अशा वेळी हात आपोआप चालावे लागतात. भाजलेले, चिरडलेले, विजेचा धक्का बसलेले, डोळ्यात काही गेलेले असे रुग्ण जिथे येतात अशा कॅज्युअल्टीत काम करा. बेड किती, नाव किती मोठं, हे बघू नका.

४. फाईल आत्ताच लावून ठेवा

यात नुसती यादी देते:

- दहावी, बारावी, नर्सिंगच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- कौन्सिलचं नोंदणीपत्र आणि शेवटच्या नूतनीकरणाचा कागद
- अनुभवाचे दाखले: विभाग आणि पासून-पर्यंत तारखा लिहिलेले, लेटरहेडवर, शिक्क्यासह
- मागच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर
- बीएलएस, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचं प्रमाणपत्र (अमेरिकन हार्ट असोसिएशनचं दोन वर्षं चालतं)
- सेंट जॉन अँब्युलन्सचं प्रथमोपचार प्रमाणपत्र (तीन वर्षं चालतं)
- हिपॅटायटिस बीच्या तिन्ही डोसांची नोंद
- आधार, पॅन, यूएएन (पीएफचा नंबर), बँक पासबुक, पोलीस पडताळणी

"नर्सला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र कशाला?" असं मीही विचारलं होतं. पण तपासायला येणाऱ्याच्या यादीत तो वेगळा रकाना असतो. वाद घालत बसण्यापेक्षा प्रमाणपत्र काढणं स्वस्त.

सगळ्यात जास्त मुली अडकतात त्या नावात. गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, नोंदणीवर तिसरंच. विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद या दोन गोष्टी लग्नानंतर लगेच करून टाका. पुढे परदेशाचा विचार निघाला तर याच एका कारणावरून महिनोन्‌महिने जातात.

५. पुढचं शिक्षण: इथे पैसे वाया जातात

या विषयातलं शिक्षण शोधायला बसलात की पहिलं नाव दिसतं एएफआयएच, म्हणजे असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ. तीन महिन्यांचा कोर्स, कारखान्याच्या डॉक्टरकडे तो मागतातच. पण तो एमबीबीएस झालेल्यांसाठी आहे. नर्सला तो करता येत नाही. "आम्ही नर्सनाही देतो" असं म्हणत कोणी फी मागितली तर फोन ठेवा. तसंच एडीआयएस, म्हणजे इंडस्ट्रियल सेफ्टीचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा. तो सेफ्टी ऑफिसरच्या वाटेवरचा आहे आणि त्याची पात्रता इंजिनिअर आणि विज्ञान पदवीधर समोर ठेवून आखलेली आहे. फी भरण्याआधी पात्रतेचा परिच्छेद दोनदा वाचा.

मग नर्सने काय करायचं? आपल्याकडे सरळ एक शिडी नाही. पायऱ्या जमवाव्या लागतात.

एमएससी नर्सिंगमध्ये कम्युनिटी हेल्थ नर्सिंग हा विषय या कामाच्या सगळ्यात जवळचा. दोन वर्षं, आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (नाशिकचं एमयूएचएस) संलग्न कॉलेजं आहेत. बीएससीला किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. अभ्यासक्रमात व्यावसायिक आरोग्यावर थोडंच आहे, म्हणून तुमचा शोधनिबंध तिकडे वळवा. मी प्रेस शॉपमधले कामगार कानात प्लग का घालत नाहीत, हा विषय घेतला. गाइड मॅडमना तो आवडला नव्हता, त्यांना माता-बाल आरोग्य हवं होतं. मी हट्ट धरला. पुढे दोन्ही नोकऱ्यांच्या मुलाखतीत माझ्या मार्कांबद्दल कोणी विचारलं नाही, दोन्ही ठिकाणी बोलणं झालं ते कानातल्या प्लगवर.

दूरशिक्षणाने एमएससी नर्सिंग करू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिल ते मानत नाही. नोकरी सांभाळून होतं, फी कमी असते, म्हणून मोह होतो. शेवटी हातात एक चौकट करून लावायचा कागद उरतो.

दोन वर्षं सुट्टी परवडत नसेल तर एका वर्षाचा इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा बघा. रसायनाच्या कारखान्यात तो उपयोगी पडतो.

छोट्या कोर्ससाठी मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, डीजीफासलीच्या (कारखान्यांच्या सुरक्षिततेचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) आवारात. व्यावसायिक आरोग्य, प्रथमोपचार, सुरक्षितता यांवर तिथे काही दिवसांचे वर्ग होतात आणि बऱ्याचदा कंपनीच नाव पाठवते, पैसे भरते. वर्षाचं वेळापत्रक आधी काढून ठेवा आणि एप्रिलमध्येच साहेबांपुढे ठेवा, बजेट संपल्यावर नको. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था (आयसीएमआरची, १९६६ पासूनची) संशोधनात मोठी आहे. सिलिकोसिसवर (दगड-वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) वाचायचं असेल तर सुरुवात तिथून करा. आणि इंडियन असोसिएशन ऑफ ऑक्युपेशनल हेल्थच्या सभांना जा. ही संघटना १९४८ ची, बहुतेक सदस्य डॉक्टर. मागच्या रांगेत बसून ऐका. मला दुसरी नोकरी अशाच एका सभेच्या चहात मिळाली.

६. तीन यंत्रं हातात बसवा

पदवी नोकरीच्या दारापर्यंत नेते. आत गेल्यावर तुमची किंमत ठरते ती ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), स्पायरोमेट्री (फुंकायला लावून फुफ्फुसांची तपासणी) आणि दृष्टितपासणीवर. नर्सिंग कॉलेजात या गोष्टी नावापुरत्या शिकवतात.

ऑडिओमेट्रीचा माझा किस्सा सांगते, कारण ही चूक सगळे करतात. वार्षिक तपासणी होती. कामगारांची झोप मोडायला नको म्हणून मी शहाणपणा केला आणि नाइट शिफ्ट सुटताना, सकाळी सातला, एकेकाला आत घेतलं. चाळीसेक जणांचे कान कमी ऐकू येणारे निघाले. मी घाबरले, डॉक्टरांना फोन. ते हसले. आठ तास प्रेसच्या दणदणाटात राहिलेला कान काही तास बधिरच असतो. तपासणीआधी निदान चौदा तास गोंगाटापासून लांब असलेला माणूस हवा. सगळे परत बोलवावे लागले. तेव्हापासून माझा नियम आहे: साप्ताहिक सुट्टीनंतरची पहिली शिफ्ट, आणि तीही मशीनवर जाण्याआधी.

आलेखात बघायचं ते ४००० हर्ट्झच्या आसपास. गोंगाटाने गेलेल्या कानाचा आलेख तिथे खड्ड्यासारखा खाली जातो आणि पुढे परत वर येतो. माणूस म्हणत असतो "मला नीट ऐकू येतं", कारण बोलण्यातला बराचसा भाग त्याच्या खालच्या पट्टीत असतो. आपल्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण ८५ च्या वर असलेल्या विभागांची यादी तुम्ही आपली आपण ठेवा.

स्पायरोमेट्री म्हणजे फुंकायला लावणं, असं समजू नका. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासायचं. उंची बूट काढून मोजायची, कामगार सांगेल ती लिहायची नाही. तासाभरात विडी-सिगारेट ओढलेली नसावी, पोट गच्च भरलेलं नसावं, अलीकडे डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं नसावं. तीन चांगल्या फुंका मिळेपर्यंत घ्यायच्या. आणि फुंकताना तुम्हाला अक्षरशः ओरडावं लागतं: "सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून!" लाजलात तर आकडा खोटा येतो. चाकणला निम्म्या लाइनला बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशची मुलं असतात, तेव्हा हे ओरडणं हिंदीतही यायला हवं.

दृष्टितपासणीत क्रेन, फोर्कलिफ्ट चालवणारे आणि इलेक्ट्रिशियन यांना रंगांधळेपणाची इशिहाराची पुस्तिका दाखवायची. ती उन्हात ठेवू नका, रंग उडतात. उंचावर काम करणाऱ्यांना चक्कर, फिट्स, बीपी विचारा. आणि "फिट येते का?" असं विचारलंत तर कोणी हो म्हणत नाही, कारण रोजगार जातो. "कधी उभ्याउभ्या पडलात का? जीभ चावली गेली का? घरी कोणी सांगितलं का?" असं विचारा.

७. नोकरी आणि मुलाखत

बहुतेक ओएचसी आता कंत्राटावर चालतात. तुम्ही बसता एका कंपनीत, पगार देते दुसरी एजन्सी. त्यात गैर काही नाही, पण सही करण्याआधी विचारून घ्या: पीएफ आणि ईएसआय कोण भरतं? रजेवर गेले तर बदली कोण देणार, की मलाच शोधायची? कंत्राट संपलं तर माझं काय? रात्री येण्याजाण्याची गाडी कोणाची? डॉक्टर आठवड्यात किती तास हजर असतात आणि इतर वेळी फोन उचलतात का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर तिथे जाऊ नका. मी एकदा गेले होते. अडीच महिने टिकले.

मुलाखतीत हमखास विचारतात: डोळ्यात रसायन गेलं तर? (पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचं, धुता धुता बाकीच्या चौकश्या.) सुईने स्वतःला टोचलं तर? कॅंटीनच्या लोकांची तपासणी कशी कराल? जैववैद्यकीय कचरा कुठल्या पिशवीत? २०१६ च्या नियमांतले पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग तोंडपाठ हवेत.

८. पहिले तीन महिने

खुर्चीत बसू नका. सेफ्टी ऑफिसरला सोबत घेऊन दररोज एक विभाग पायी फिरा. कुठे काय वापरतात ते विचारा आणि प्रत्येक रसायनाचं एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षिततेचं माहितीपत्रक) मागा. त्याचे सोळा भाग असतात. आपल्याला आधी चौथा लागतो, प्रथमोपचाराचा. तो छापून दवाखान्याच्या भिंतीवर लावा.

मग औषधांचं कपाट उघडा. कारखान्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल असेल (स्टेनलेस स्टील साफ करायला, काच कोरायला वापरतात) तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हवंच. त्या आम्लाचा चटका सुरुवातीला साधा वाटतो, दुखणं तासांनी चढतं, तोवर आत हाडापर्यंत पोचलेलं असतं. प्लेटिंगमध्ये सायनाइड असेल तर त्याचा उतारा आणि तो कोण, कसा देणार याची डॉक्टरांच्या सहीची लेखी सूचना हवी. कीटकनाशकं असतील तर अ‍ॅट्रोपीन. प्रत्येकाची मुदत तपासा. मला एकदा एका कपाटात तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं जेल सापडलं होतं, डबा सीलबंद. ऑडिटला तो दरवर्षी दाखवला जायचा.

आता रजिस्टर. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे.

ओएचसीतल्या रोजच्या वहीत नाव, टोकन नंबर, विभाग, शिफ्ट, वेळ, तक्रार, काय दिलं, कुठे पाठवलं एवढं असतं. सिस्टर ती भरतात आणि महिनाअखेर एकूण आकडा वर पाठवतात. तुम्ही ती मागे चाळा. एका पावसाळ्यात मी अशीच चाळत होते. हाताला खाज, मलम दिलं. चार दिवसांनी हाताला खाज, मलम दिलं. तिन्ही शिफ्टमधले वेगवेगळे लोक, वेगवेगळी कारणं लिहिलेली: घाम, पावसाळा, साबण. पण विभागाचा रकाना बघितला तर सगळेच्या सगळे एकाच सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) लाइनचे. मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले, डॉक्टर मेंटेनन्सकडे. कूलंट (मशीनवर कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते द्रव) पाण्यात मिसळायचं प्रमाण बिघडलेलं होतं आणि टाकी कित्येक महिन्यांत धुतलेली नव्हती. टाकी धुतली, हातमोजे बदलले. पुढच्या महिन्यात मलमाच्या दोनच नोंदी.

त्या दिवसापर्यंत प्लांट हेड मला "ड्रेसिंगवाल्या मॅडम" म्हणायचे. नंतर सेफ्टी कमिटीच्या मीटिंगला खुर्ची मिळाली.

म्हणून वहीत दोन रकाने आपल्या हाताने वाढवा: नेमकं कोणतं मशीन किंवा काम, आणि ही तक्रार पहिल्यांदा का. संगणकावर नोंद करत असाल तर फार उत्तम, महिन्यातून एकदा विभागवार लावून बघा. क्रोमच्या टाकीवरच्या माणसांच्या नाकाचा पडदा, शिशाजवळ काम करणाऱ्यांचं रक्त, दगड-वाळू-फाउंड्रीतल्यांची छाती यांची तपासणी ठरल्या मुदतीत झाली का, हेही याच वहीवरून कळतं. धोकादायक कामातल्या कामगाराला आपल्या आरोग्याची नोंद पाहायचा हक्क आहे, कोणी मागितली तर दाखवा.

९. सहीचे सापळे

सोमवारी सकाळी ठेकेदार पंचवीस माणसं गेटवर उभी करतो. "सिस्टर, फिटनेसवर शिक्का मारा ना, लाइन थांबलीय." फिटनेस देणं डॉक्टरचं काम. तुम्ही बीपी, वजन, नजर तपासून फॉर्म भरा, सही त्यांची. आधीच सह्या केलेलं कोऱ्या फॉर्मचं पुस्तक टेबलात सापडलं तर ते वापरू नका आणि तसं ईमेलने कळवा. उंचावरून माणूस पडला की पहिली फाईल हीच उघडतात.

गोळ्यांचंही तसंच. डॉक्टर नसताना काय देता येईल याची सहीशिक्क्याची लेखी यादी असू द्या. यादीबाहेरचं औषध कितीही ओळखीच्या माणसाने मागितलं तरी नाही.

दुसरा सापळा गेटजवळच्या फलकाचा. 'अपघाताविना २१४ दिवस'. बोट कापलेला माणूस घेऊन सुपरवायझर येतो आणि हळूच म्हणतो, "वहीत नका लिहू सिस्टर, फलक शून्यावर येईल." एकदा मी 'किरकोळ खरचटणे' असं लिहिलं, मशीनचं नाव गाळलं. दहा दिवसांनी बोट चिघळलं. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीला मजुरीच्या ९० टक्के मिळतात, साध्या आजारपणाला ७० टक्के. ही जखम कामावर झाली हे दाखवायला त्याच्याकडे माझ्या त्या एका ओळीशिवाय काही नव्हतं. मी वेगळी नोंद करून, तारीख टाकून, खुलासा जोडला. त्याचं काम झालं, पण तीन आठवडे हेलपाटे घालून. त्याचा चेहरा अजून आठवतो. ४८ तासांवर कामावर येता आलं नाही असा अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे 'डिश'ला, कळवावा लागतो. ते कळवणं व्यवस्थापनाचं काम, पण त्याची सुरुवात तुमच्या नोंदीतून होते. जे बघितलं ते, जेव्हा बघितलं तेव्हाच, लिहा.

तिसरा सापळा एचआरचा. "तो सारखा रजा काढतो, त्याला नक्की काय झालंय?" उत्तर तीनपैकी एकच: फिट, अमुक काम सोडून फिट, किंवा अनफिट. निदान सांगायचं नाही. आणि भरतीच्या तपासण्यांच्या यादीत कोणी एचआयव्ही घातली असेल तर काढायला लावा. २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी ती अट घालायला बंदी आहे. चिडून बोलू नका, कायद्याचं नाव ईमेलमध्ये लिहा, लगेच निघते.

१०. पुढे परदेश

थोडक्यात सांगते, कारण यात मी स्वतः गेलेली नाही, मैत्रिणींचे कागद जमवून दिलेत.

ब्रिटनमध्ये आधी एनएमसीची (तिथली नर्सिंग कौन्सिल) नर्स म्हणून नोंदणी (इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची सीबीटी, प्रात्यक्षिकाची ऑस्की). मग तिथल्या विद्यापीठात स्पेशालिस्ट कम्युनिटी पब्लिक हेल्थ नर्सिंगचा ऑक्युपेशनल हेल्थचा कोर्स करता येतो आणि नोंदणीच्या वेगळ्या भागात नाव लागतं. तिथे या कामाला खरा मान आहे; कारखान्यात नर्स नेमायची पद्धतच नॉरिचच्या एका मोहरीच्या कारखान्यापासून सांगतात, १८७८ सालची. अमेरिकेत आरएनचं लायसन्स आणि कामाचे तास भरल्यावर सीओएचएनची (ऑक्युपेशनल हेल्थ नर्सच्या प्रमाणपत्राची) परीक्षा. आखातात डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी आणि त्या त्या ठिकाणचं लायसन्स. तेलाच्या, बांधकामाच्या साइटवर आपल्या ओएचसीच्या अनुभवाला किंमत येते, पण अनुभवाच्या दाखल्यावर 'ओएचसी' हा शब्द आणि कामगारांची संख्या लिहून घ्या. नुसतं 'स्टाफ नर्स' लिहिलं असेल तर पडताळणीत ते कंपनीचं वर्ष हॉस्पिटलमध्ये शोधत बसतात.

जाता जाता एक. पहिल्या दिवशी सेफ्टी शूज स्वतःचे घेऊन जा. बहुतेक कंपन्यांच्या स्टोअरमध्ये सात नंबरच्या खाली काही नसतं, आणि चार नंबरचे मागवायला इंडेंट, मंजुरी, खरेदी असे दोन महिने जातात. तोवर शॉप फ्लोअरवर पाऊल टाकता येत नाही, म्हणजे परत तीच एसीतली खुर्ची. बाजारात बायकांच्या मापाचे मिळतात. बोटांवर स्टीलची टोपी आहे ना तेवढं बुटाचं पुढचं टोक दाबून बघा.